तालुका लिहावा

"हे आमच्या आबांचं गाव न्हवं," फांग डॉक्टर म्हणाले.

आम्ही नुकतेच बसमधून उतरलो होतो. रस्त्याच्या कडेला जर्दाळूची झाडं, त्यांच्यामागे पिवळट, बोडके डोंगर, आणि वारा असा की तोंड उघडलं की दाताखाली वाळू करकरावी. डॉक्टरांनी वाकून मूठभर माती उचलली, बोटांत चोळली आणि सोडून दिली.

"डॉक्टर, पाटी वाचली मी," मी म्हणाले. "योंगनिंग. ठळक अक्षरांत आहे."

"पाटी बरोबर असंल. गाव चुकलंय. आबा सांगायचे, घरामागं कळकाचं बन हाय आणि पाऊस असा की भिंतीला शेवाळ सुटतंय. हितं शेवाळ कशाला धरायचं? त्या उंटाला?"

उंट खरोखरच होता. पर्यटकांना पाठीवर बसवून फोटो काढण्यासाठी कुणीतरी आणून बांधला होता, आणि तो आमच्याकडे अत्यंत तुच्छतेनं बघत होता.

ही ऑक्टोबर १९९८ची गोष्ट. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. पुण्यात चिनी भाषा शिकून, दोन वर्षं बीजिंगला राहून, कारखानदारांबरोबर दुभाषी म्हणून हिंडत असे. नटबोल्ट, पंप आणि जेवणातलं डुक्कर या तीन विषयांवर माझी बरीच हुकमत होती. फांग डॉक्टर पेठ वडगावचे. बाजारपेठेत त्यांचा दातांचा दवाखाना, वडलांपासून चालत आलेला. वडील, म्हणजे आबा, चीनमधून कलकत्त्यामार्गे आलेले, आई वडगावचीच, मिशनच्या दवाखान्यातली नर्स. चेहरा वडलांचा आणि जीभ आईची, त्यामुळे चीनमध्ये उतरल्यापासून आमची मोठी पंचाईत झाली होती. लोक डॉक्टरांशी चिनीत बोलायचे, डॉक्टर माझ्याकडे बघायचे आणि उत्तर मी द्यायची. लोकांना हा काहीतरी जादूचा प्रयोग वाटे.

मी एक लबाडी करत असे, तीही सांगून टाकते. लोक जे बोलत त्यातलं टोचेल ते मी गाळत असे. आदल्या रात्री हॉटेलातली बाई डॉक्टरांना म्हणाली, "तोंड आपलं आणि भाषा येत नाही, लाज नाही वाटत?" मी सांगितलं, "प्रवास कसा झाला विचारतायत."

"असं व्हय?" डॉक्टर म्हणाले. "बाई, चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बघतोय मी. प्रवासाचं इचारताना माणसाचा वरचा ओठ असा न्हाई उचलत."

आम्ही एवढ्या लांब आलो होतो ते एका दगडासाठी. थडग्याच्या दगडावर मधोमध माणसाचं नाव, उजव्या अंगाला त्याचं मूळ ठिकाण, आणि डाव्या अंगाला दगड उभारणाऱ्या मुलांची नावं थोरल्यापासून क्रमानं, अशी त्यांच्याकडची रीत. आबा चौसष्ट साली अचानक गेले. कलकत्त्याहून आलेल्या एका जातभाईनं दगडावर नाव लिहून दिलं आणि विचारलं, "गाव?" चोवीस वर्षांच्या मुलाला एवढंच ठाऊक होतं की गावाचं नाव योंगनिंग. कुठल्या प्रांतातलं, कुणाच्या शेजारचं, काही नाही. बासष्टच्या युद्धानंतर आबांना दर महिन्याला पोलीस ठाण्यात हजेरी लागे. घरात चिनी बोलणं बंद झालं होतं आणि चिनी अक्षर असलेला एकूण एक कागद आबांनी न्हाणीघराच्या चुलीत घातला होता. दगडाची उजवी बाजू मग कोरीच राहिली, ती चौतीस वर्षं.

आदल्या वर्षी आई गेली. तिला आबांच्या शेजारी जागा राखलेली होती. जाताना ती मुलाला म्हणाली, "शाम, माझ्या शेजारी बिनगावचा माणूस निजवू नगंस." शाम हे डॉक्टरांचं शाळेतलं नाव. खरं नाव शूमिंग, पण ते मास्तरांच्या हजेरीपटात बसलं नाही.

चुलीतून एकच कागद वाचला होता. दातांचे साचे ठेवायच्या खणात, तळाशी. त्यावर आबांच्या हातची वीस अक्षरं, पाच-पाचाच्या चार ओळींत. लहानपणी आबांनी ही वीस अक्षरं मुलाकडून पाढ्यांसारखी पाठ करून घेतली होती, अर्थ मात्र सांगितला नव्हता. डॉक्टर तो कागद घेऊन पुण्याला माझ्या घरी आले. मी वाचला. "सन्मान", "विद्या", "तेज", "समृद्धी", असं काहीबाही होतं. मी जाणत्या माणसासारखी मान हलवून म्हणाले, "कविता आहे. घराची आठवण." मग नकाशा उघडला, अनुक्रमणिकेत योंगनिंग शोधलं. एकच सापडलं, वायव्येला, निंगश्या प्रांतात. "हे बघा," मी म्हणाले, आणि डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्या क्षणी मला स्वतःचा फारच अभिमान वाटला होता.

तिथं, त्या उंटासमोर, तो अभिमान ओसरायला लागला.

दर तालुक्याला तिकडे एक इतिहास कचेरी असते. तालुक्याचा इतिहास लिहीत बसणं हेच तिचं काम. योंगनिंगच्या कचेरीत मा आडनावाच्या पन्नाशीच्या एक बाई होत्या. डोक्याला पांढरा रुमाल, पुढ्यात झाकणाचा पेला, त्यात चहा, खडीसाखर, खारका आणि आणखी बरंच काही. आम्हालाही तसेच पेले मिळाले. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"वडील घरातून कधी निघाले?"

"एकतीस साली," डॉक्टरांना विचारून मी सांगितलं.

"मग ते इथले नव्हेत. हा तालुकाच चाळीसच्या पुढं झाला. त्याआधी योंगनिंग नावाचं इथं काही नव्हतं."

मी पेल्यातली खारीक बघत राहिले.

"पण जुनी योंगनिंगं पुष्कळ होती," मा बाई मजेत म्हणाल्या. "योंगनिंग म्हणजे कायमची शांतता. कुणाला नको असते? हेनानमध्ये एक, च्यांगशीत एक, सिच्वानमध्ये एक, शान्शीत तर अख्खा परगणा. बादशाही होती तोवर चाललं. प्रजासत्ताक आलं, तारायंत्रं आली, आणि तारा भलतीकडे जायला लागल्या. मग १९१४ साली सरकारनं फर्मान काढलं, एका नावाचे अनेक तालुके नकोत. देशभर नावं बदलली. सगळी जुनी योंगनिंगं तेव्हाच्या आसपास नकाशावरून गेली."

"पण यांचे वडील तर एकतीस साली निघाले. तेव्हा ते योंगनिंग का म्हणत होते?"

मा बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "फर्मान निघालं म्हणून कुणी आपल्या गावाला दुसरं काही म्हणायला लागतं का?"

हे मला खरं तर कुणी सांगायला नको होतं. माझे आजोबा एकाहत्तर साली गेले, आणि शेवटपर्यंत पत्राच्या डोक्यावर "संस्थान जमखिंडी" लिहीत होते. संस्थान विलीन होऊन तेव्हा तेवीस वर्षं झाली होती.

बाहेर आलो. व्हिसाचे बारा दिवस उरले होते. माझ्या मनात काय आलं ते प्रामाणिकपणे सांगते. मला वाटलं, हा माणूस आता मला विचारणार की तुम्ही कसला नकाशा बघितलात. ते टाळायला मी बोलून गेले, "डॉक्टर, नाव तर तेच आहे ना? दगडावर योंगनिंग कोरू या. वर निंगश्या लिहू. वडगावात कोण वाचणार आहे?"

डॉक्टर चालता चालता थांबले.

"बाई," मग ते म्हणाले, "दुखतोय एक दात आणि उपटला शेजारचा, तर पेशंटला मी काय सांगू? दातच हाय की, घ्या?"

मला भयंकर लाज वाटली. मी म्हणाले, "चूक माझी आहे. मी नकाशा नीट बघितला नाही."

"ते मला बसमधनं उतरल्याबरोबर कळलं," डॉक्टर म्हणाले. "आता चला आत. त्या बाईला आबांचा कागद दाखवू."

मा बाईंनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, आणि माझ्याकडे बघत विचारलं, "ही कविता आहे असं यांना कुणी सांगितलं?"

मी पेल्यावरचं झाकण नीट बसवलं.

"ही घराण्याची नावमाळ आहे. पूर्वजांनी घालून दिलेली अक्षरं. दर पिढीनं एक अक्षर घ्यायचं, क्रमानं, आणि त्या पिढीतल्या सगळ्या भावांच्या नावात ते यायचं. वडलांचं नाव?"

"फांग जिंगवेन."

"हे बघा 'जिंग', अकरावं. आणि यांचं शूमिंग. 'शू', बारावं. पुढचं 'छांग'. म्हणजे यांच्या मुलांच्या नावात 'छांग' हवं."

मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "पोरीचं नाव वैशाली हाय. सांगा त्यांस्नी."

मी सांगितलं. मा बाई चहाचा पेला खाली ठेवून हसल्या. मग म्हणाल्या, "वीस अक्षरांची माळ दोन घराण्यांची एकसारखी सहसा नसते. गावाची नावं सारखी असतात, माळ नाही. दोन दिवस द्या." आणि त्यांनी फोन ओढला. एका तालुक्याच्या इतिहास कचेरीतून दुसऱ्या तालुक्याच्या इतिहास कचेरीत. मा बाई माळेतली पाच अक्षरं वाचून दाखवत, आबांचं नाव सांगत आणि पलीकडचा माणूस "शोधतो" म्हणे. ही माणसं एकमेकांना कधी भेटलेली नसतात, पण एकमेकांचा आवाज ओळखतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हाला हॉटेलातून बोलावून घेतलं.

"च्यांगशी. डोंगरातलं योंगनिंग. चौदा सालापासून त्याचं नाव निंगगांग आहे. तिथं फांगांचं एक गाव आहे, माळ जुळते. वंशावळीचा ग्रंथ ज्यांच्याकडं आहे त्यांना कळवलंय. ते बसस्टँडवर येतील."

"काय म्हंतेत?" डॉक्टरांनी विचारलं. मी शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी उठून मा बाईंना हात जोडले, आणि मा बाईंनाही काय वाटलं कोण जाणे, त्यांनीही जोडले.

आगगाडीचे दोन दिवस आणि बसचा एक. खिडकीबाहेरचा देश हळूहळू पिवळ्याचा हिरवा झाला. शेवटच्या घाटात कळकाची, म्हणजे बांबूची, बनं लागली आणि भुरभुर पाऊस सुरू झाला. डॉक्टर काच खाली करून तोंडावर पाऊस घेत होते. पुढच्या बाकावरची बाई कुरकुरली. ती काय म्हणाली ते मी जसंच्या तसं सांगितलं: "म्हाताऱ्याला न्यूमोनिया होईल."

"हुंदे," डॉक्टर म्हणाले.

स्टँडवर एक म्हातारा उभा होता. काळी छत्री, गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार, हातात पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर 'फांग' हे एकच अक्षर. तो डॉक्टरांकडे बराच वेळ बघत राहिला. मग काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही. माझी चिनी शाळेतली, आणि तो त्या डोंगरातली बोली बोलत होता. मी "पुन्हा सांगता का?" म्हणणार तोच डॉक्टरांनी उत्तर दिलं. दोनच शब्द, पण त्याच बोलीत.

"काय म्हणाला?" मी विचारलं. साऱ्या प्रवासात हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारत होते.

"जेवलास का म्हंतोय. मी म्हटलं, जेवलो." डॉक्टर म्हाताऱ्याकडेच बघत होते. "आबा रोज इचारायचे की. शाळंतनं आलो की."

म्हातारा मग माझ्यासाठी सावकाश, मोडक्यातोडक्या शाळेच्या चिनीत बोलायला लागला. त्याचं नाव फांग शूलिन. वंशावळीचा ग्रंथ त्याच्याकडे असतो.

"शू?" डॉक्टर म्हणाले. "म्हंजे हे माझ्याच पिढीचं. चुलतभाऊ असतील." आणि लगेच धंद्यावर आले, "खालचे सगळे दात गेलेत बगा त्यांचे. वरचे तीन. जेवत कसं असतील?"

घर आबा सांगायचे तसंच होतं. मागे कळकाचं बन, पुढे भाताची खाचरं, आणि भिंतीला हातभर शेवाळ. डॉक्टरांनी त्या शेवाळावर तळवा टेकला आणि तसेच उभे राहिले. म्हाताऱ्यानं घाई केली नाही.

आत गेल्यावर त्यानं हात धुतले, लाल फडकं सोडलं आणि ग्रंथ काढला. सहासष्ट-सदुसष्ट साली असले ग्रंथ पोरंसोरं जाळत फिरत होती, तेव्हा त्यानं तो तेलाच्या कागदात गुंडाळून डुकराच्या गोठ्याखाली पुरला होता. कडांना अजून डाग होते. त्यानं पान उघडलं, एका जागी बोट ठेवलं आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"तू वाच," तो म्हणाला. "मी सांगून उपयोग नाही. ग्रंथात असेल ते खरं."

मी वाचलं. आधी मनात.

'जिंगवेन. थोंगयुआन यांचे दुसरे पुत्र. जन्म १९०५. पत्नी जोंग. एक पुत्र, शूलिन, जन्म १९२९. जिंगवेन १९३१ साली बाहेर गेले. भारत. परतले नाहीत.'

मी मान वर केली. म्हातारा माझ्याकडे बघत होता. डॉक्टर माझ्याकडे बघत होते.

"काय लिवलंय?"

गाळायची सवय हाताशी होती. 'जिंगवेन, थोंगयुआन यांचे पुत्र, भारतात गेले' एवढं सांगून मी मोकळी झाले असते. दगडाला तेवढं पुरलं असतं. डॉक्टरांची आई पेठ वडगावात आबांच्या शेजारी निजली होती, तिला कुणी विचारायला जाणार नव्हतं. म्हातारा काही बोलला नसता, हे मला त्याच्याकडे बघून कळत होतं. ग्रंथात असेल ते खरं म्हणणारा माणूस, मी न वाचलेलं त्यानं स्वतः कधी सांगितलं नसतं.

मी बोट ठेवून एकेक शब्द वाचला आणि एकेक शब्द मराठीत सांगितला. 'पत्नी जोंग'ही सांगितलं. 'एक पुत्र'ही.

डॉक्टरांनी पुस्तक आपल्याकडे ओढून त्या ओळीवरून बोट फिरवलं. बाहेर कोंबड्या पावसातून ओसरीवर चढत होत्या.

"एकोणतीस," ते अखेर म्हणाले. "मी चाळीसचा. म्हंजे अकरा वर्सांनी थोरलं." मग थोड्या वेळानं, "आईला ठावं हुतं का न्हाई, कुणास ठाऊक." आणि मग, "त्यांस्नी इचारा, त्यांची आई?"

"सत्तर साली गेली," म्हातारा म्हणाला. "दुसरं लग्न केलं नाही."

मी सांगितलं. डॉक्टरांनी डोळ्यांवर हात घेतला आणि ते रडले. म्हाताऱ्यानं त्यांच्यापुढे वाफाळत्या गरम पाण्याचा पेला ठेवला आणि शेजारी बसून राहिला. आबांच्या आठवणी त्या दोघांपैकी एकाकडे दोन वर्षांच्या होत्या आणि एकाकडे चोवीस. मला वाटलं, आता म्हातारा काही कडू बोलेल. तो म्हणाला, "ते शेवटी आजारी होते का?"

"न्हाई म्हणावं. एका सकाळी दवाखाना उघडला आणि खुर्चीत बसले, ते गेलेच. पेशंटच्याच खुर्चीत."

दुपारी पाऊस थांबला आणि म्हातारा आम्हाला घरामागच्या टेकडीवर घेऊन गेला. बनाच्या वरच्या अंगाला दोन कबरी होत्या. एक जोंगबाईंची. दुसऱ्या दगडावर, मधोमध, मला वाचता येणारं नाव होतं.

"हे काय?" डॉक्टरांना अक्षरं ओळखीची वाटली असावीत. तीच तीन अक्षरं ते चौतीस वर्षं बघत होते.

"आबांचं नाव आहे," मी म्हणाले.

म्हाताऱ्यानं समजावून सांगितलं. माणूस परदेशात गेला आणि परत आलाच नाही, तर त्याचे कपडे पुरतात. जोंगबाईंनी नवऱ्याचा एक अंगरखा जपून ठेवला होता. त्या गेल्यावर मुलानं तो आईच्या शेजारी पुरला आणि दगड उभा केला. दगडाच्या उजव्या अंगाला गाव नीट कोरलेलं होतं: च्यांगशी, योंगनिंग, फांगांचं गाव. निंगगांग नव्हे, योंगनिंगच. डाव्या अंगाला शूलिनच्या नावाशेजारी 'निजले: भारत,' एवढी अक्षरं होती, आणि त्यांच्याखाली वीतभर दगड घासून गुळगुळीत करून तसाच सोडला होता.

"हितं रिकामं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"गाव ठाऊक नव्हतं," म्हातारा म्हणाला. "वडील बासष्टपर्यंत पत्रं पाठवायचे. उत्तरासाठी पाकीटही स्वतःच पत्ता घालून पाठवायचे, परदेशी अक्षरांत. ती सगळी मी सहासष्ट साली जाळली, घरात सापडली असती तर आम्हाला जगू दिलं नसतं. मला फक्त नाव आठवत होतं. ते पत्रात लिहायचे, मी वा-द-गांगमध्ये आहे." त्यानं सदऱ्याच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. "शहाऐंशी साली शाळेच्या मास्तरांनी ते नाव इंग्रजीत लिहून दिलं. तिकडं कुणीतरी असेल म्हणून मी पत्र टाकलं. आठ महिन्यांनी हे आलं. पाकीट माझंच, पण तिकडून कुणीतरी वर उत्तर लिहिलेलं, आणि ते वाचता येणारं माणूस नाही मिळालं. मास्तर म्हणाले, इंग्रजी नाही. शहरात दाखवलं. कुणालाच नाही आलं. बारा वर्षं जवळ ठेवलंय."

ते उत्तर नव्हतं. पाकीट न फोडताच परत आलं होतं. वर इंग्रजीत 'फांग, दातांचे डॉक्टर, वडगाव, इंडिया' असं मास्तरांचं वळणदार अक्षर, आणि भोवती शिक्के, रेघा, खाडाखोड. मी हात पुढे केला, पण डॉक्टरांनी पाकीट आधीच घेतलं होतं. ते वाचायला त्यांना माझी गरज नव्हती.

"'वडगाव मावळ. या नावाचा इसम नाही,'" डॉक्टरांनी मोठ्यानं वाचलं. पाकीट फिरवलं. "'वडगाव शेरी. नाही.'" मग उलट्या बाजूला निळ्या पेन्सिलीनं गिचमिड केलेलं होतं. ते वाचताना त्यांना थांबावं लागलं. "'परत. पत्ता अपूर्ण. वडगाव कोणते? तालुका लिहावा.'"

 डोंगरातल्या त्या बनात कुणा मराठी पोस्टमनचं अक्षर बारा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं होतं.

"काय आहे? काय म्हणतात?" म्हाताऱ्यानं मला विचारलं. त्याचे डोळे माझ्या तोंडावर होते.

मी गाळलं नाही. "हे उत्तर नाही. तुमचं पत्र पोचलंच नाही, परत आलंय. टपालवाल्यानं विचारलंय, कोणतं वडगाव? तिकडे या नावाची पुष्कळ गावं आहेत."

म्हाताऱ्यानं पाकीट परत घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. मग तो हसायला लागला. तीन दातांनी, मनापासून, खांदे हलेपर्यंत हसला.

"मग सांगा की," तो म्हणाला. "कोणतं?"

मी ते डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी नाक पुसलं. "आबांच्या लेखी जगात एकच योंगनिंग आणि एकच वडगाव," ते म्हणाले. "घ्या बाई, लिवून. मुक्काम पोस्ट पेठ वडगाव. पेठ सोडू नका. तालुका हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर, महाराष्ट्र. मग भारत."

हातकणंगले चिनी अक्षरांत बसवायला मला पाच अक्षरं लागली आणि दोनदा खोडावं लागलं. वीतभर जागेत ते सगळं मावेल का, मी विचारलं. म्हातारा म्हणाला, "बारीक कोरू."

आम्ही तिथे चार दिवस राहिलो. डॉक्टरांनी थोरल्या भावाच्या जबड्याचा मेणाचा साचा घेतला, तो ओल्या रुमालात गुंडाळून वडगावला आणला. जानेवारीत आबांच्या दगडाची उजवी बाजू भरली. कोल्हापूरचा पाथरवट मी लिहून दिलेल्या अक्षरांचा कागद दगडावर ठेवून टाकी मारत होता आणि दर दोन टाक्यांना "ह्ये वरलं टिंब हाय का डाग?" विचारत होता. डाव्या बाजूला डॉक्टरांचं एकट्याचं नाव चौसष्टपासून होतं. ते त्यांनी घासून काढायला लावलं आणि तिथे दोन नावं घातली, थोरल्याचं आधी. दोन वर्षांनी निंगगांग तालुकाही सरकारनं मोडला आणि शेजारच्या शहराला जोडला. मा बाईंनीच मला पत्रानं कळवलं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मोडू दे. दगडावर योंगनिंगच हाय."

दातांची कवळी फेब्रुवारीत तयार झाली. डॉक्टरांबरोबर मी पोस्टात गेले होते. पार्सलवर त्यांनी चिनी पत्ता माझ्या कागदावरून स्वतः उतरवला होता. देश, प्रांत, जिल्हा, तालुका, गाव, घराची खूण. त्याखाली तेच सगळं इंग्रजीत, आणि शेवटी कंसात मराठीत, 'पूर्वीचे योंगनिंग'. खिडकीतल्या कारकुनानं पार्सल फिरवून फिरवून पाहिलं.

"एवढा पत्ता कशाला हो डॉक्टर? निम्मा पुरला असता."

"ऱ्हाऊ द्या," डॉक्टर म्हणाले. "एकदा परत आलंय."